बेसबॉलच्या पंचांची नोकरी : चुका, संप आणि १९९९चे राजीनामे

प्रश्न असा आहे : मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, एखादा पंच वर्षानुवर्षं चुकीचे निर्णय देताना दिसतो, त्याच्या चुकांचा तक्ता दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो, तरी त्याला काढून का टाकत नाहीत? आणि १९९९ मध्ये एकदम २२ पंचांची नोकरी गेली, ती खराब कामामुळे की युनियनच्या भांडणामुळे?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ती नोकरी गेली युनियनच्या फसलेल्या डावपेचामुळे. त्या २२ जणांत काही जण टीकेचे धनी झालेले होते हे खरं, पण कामाच्या दर्जावरून एवढ्या लोकांना एका वेळी काढणं लीगला कधीच जमलं नसतं. राजीनाम्याचं पत्र पंचांनीच लीगच्या हातात दिलं म्हणून ते जमलं. या धंद्यात 'पंच चांगला की वाईट' हा प्रश्न 'ते कोण ठरवणार, कशाने मोजणार आणि मोजल्यावर काय करणार' या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, आणि गेली पन्नासहून अधिक वर्षं भांडण चाललंय ते याच गोष्टीवरून.

आधी पंचाचं कायदेशीर स्थान समजून घ्या. मेजर लीगमध्ये ७६ पूर्णवेळ पंच आहेत, चार-चार जणांच्या १९ तुकड्यांत विभागलेले. ते कुठल्याही संघाचे नोकर नाहीत. आज ते कमिशनरच्या, म्हणजे मेजर लीगच्या मुख्य प्रशासकाच्या, कार्यालयाचे नोकर आहेत. १९९९ पर्यंत मात्र मेजर लीगमधल्या अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीगांचे पंच वेगळे होते, त्यांचे अध्यक्ष वेगळे आणि स्ट्राइक झोन (बॅटरसमोरची काल्पनिक चौकट; तिच्यातून गेलेला चेंडू न मारला तर बॅटरच्या विरोधात धरतात) बघायची सवयसुद्धा थोडी वेगळी.

संघटना आधी नॅशनल लीगच्या पंचांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात बांधली. अमेरिकन लीगमध्ये सप्टेंबर १९६८ मध्ये अल सालेर्नो आणि बिल व्हॅलेंटाइन या दोघांना लीगचे अध्यक्ष जो क्रोनिन यांनी काढलं. कारण दिलं अकार्यक्षमतेचं. पण दोघेही आपल्या लीगच्या पंचांना संघटित करायच्या खटपटीत होते. आपल्याकडे कारखान्यात युनियनचा फलक लागायच्या आदल्या आठवड्यात पुढाऱ्याच्या कामात दोष सापडू लागतात, तसलाच हा प्रकार. नोकरी त्या दोघांना परत मिळाली नाही. पण त्याच्या परिणामी दोन्ही लीगचे पंच एका संघटनेत आले. आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने पंचांच्याच अर्जावर दोन मोठे निर्णय दिले : बेसबॉल हा कामगार कायद्याखाली येणारा उद्योग आहे, आणि पंच हे कायद्याच्या अर्थाने 'पर्यवेक्षक' नाहीत. लीगचा युक्तिवाद होता की पंच खेळाडूला मैदानाबाहेर काढू शकतो, म्हणजे तो व्यवस्थापनाचाच माणूस. मंडळाने तो मानला नाही. पंच नियम लावतो, मालकाच्या वतीने माणसं राबवत नाही. पंचांचा सामुदायिक वाटाघाटींचा हक्क या एका वाक्यावर उभा आहे. खेळाडूंच्या युनियनच्या यशाची चर्चा खूप होते, पण ज्या निर्णयाने हा कायदा बेसबॉलला लागू झाला तो पंचांच्या अर्जावरचा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

मग संप सुरू झाले. १९७० मध्ये बाद फेरीच्या पहिल्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, एक दिवसाचा. २५ ऑगस्ट १९७८ रोजी पुन्हा एक दिवसाचा, तो न्यायालयाच्या मनाई हुकुमाने थांबला, कारण करार चालू होता. या मनाई हुकुमातून युनियनचे नवे वकील रिची फिलिप्स धडा शिकले. हा फिलाडेल्फियाचा वकील बास्केटबॉलच्या पंचांची बाजू लढवून आलेला. सामुदायिक करार चालू असला तरी प्रत्येक पंच दर वर्षी स्वतःचा वैयक्तिक करार सही करत असे. १९७९ मध्ये फिलिप्सनी सांगितलं, सहीच करू नका. करारच नाही तर कामावर हजर राहण्याचा हुकूम कशावर देणार? दोघे वगळता कुणी सही केली नाही. हंगाम सुरू झाला तो मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरून) आणि हौशी सामन्यांतून गोळा केलेल्या बदली पंचांवर. मे महिन्याच्या मध्यापर्यंत मैदानावर इतका गोंधळ माजला की लीगला तडजोड करावी लागली. पगार वाढले आणि हंगामाच्या मध्ये रजा मिळाली. एप्रिल ते सप्टेंबर सतत गावोगाव फिरणाऱ्या माणसाला ही रजा पगारवाढीहून मोठी वाटली असेल तर नवल नाही.

त्या संपाचा मागे राहिलेला काटा मात्र फार वर्षं टोचत राहिला. बदली म्हणून आलेल्यांपैकी काहींना लीगने कायम केलं. त्यांना बाकीच्या पंचांनी संपफोडे ठरवलं, युनियनमध्ये घेतलं नाही, आणि एकाच तुकडीत काम करताना कामापुरतं सोडून बोलणं बंद ठेवलं. याचा कामगिरीवर थेट परिणाम होतो, तो बाहेरून दिसत नाही. चार पंचांचं काम हे एकमेकांच्या जागा भरण्याचं काम आहे. चेंडू दूर गेला की एक पंच त्याच्यामागे धावतो, दुसरा त्याचा बेस (धावपटूने क्रमाने गाठायचं ठिकाण) सांभाळायला सरकतो, होम प्लेटचा, म्हणजे बॅटरजवळच्या पाटीचा, पंच तिसऱ्या बेसकडे जातो. हे सगळं सामन्याआधी खोलीत बसून ठरवायचं आणि मैदानावर खुणांनी कळवायचं असतं. जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांच्यात एखादा बेस उघडा राहतो, आणि निर्णय देणारा ३० फुटांऐवजी ९० फुटांवरून निर्णय देतो.

१९८४ मध्ये बाद फेरीत पुन्हा संप झाला. बाद फेरीचं मानधन वाढावं आणि ते फक्त काम केलेल्यांना न मिळता सगळ्यांत वाटलं जावं, अशी मागणी होती. नवे कमिशनर पीटर यूबेरॉथ लवाद झाले आणि नॅशनल लीगच्या पाचव्या सामन्याला नेहमीचे पंच परतले. १९९१ मध्ये हंगामाच्या पहिल्या दिवसापुरता संप. १९९५ मध्ये उलट, लीगनेच टाळेबंदी केली, आणि खेळाडूंच्या लांबलेल्या संपानंतर २५ एप्रिलला सुरू झालेल्या हंगामाचे पहिले दिवस बदली पंचांनी काढले.

या सगळ्यातून फिलिप्स आणि त्यांच्या सभासदांच्या मनात एक हिशेब पक्का बसला : बदली पंच आले की खेळ बिघडतो, खेळ बिघडला की लीग वाकते. १९९९ मध्ये हाच हिशेब चुकला.

त्या वर्षी खदखद कशाची होती? एक, कमिशनरच्या कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी सँडी ऑल्डर्सन यांनी हंगामाआधी फर्मान काढलं की स्ट्राइक झोन पुस्तकातल्याप्रमाणे, म्हणजे वरच्या बाजूने जास्त उंच द्यायचा. संघांनी पंचांच्या निर्णयांची नोंद ठेवावी, असंही सुचवलं गेलं. पंचांना हे पाळत ठेवल्यासारखं वाटलं. दोन, टॉम हॅलियन या पंचाला खेळाडूला धक्का लागल्याबद्दल तीन दिवस निलंबित केलं. तीन, दोन लीगचे पंच कमिशनरच्या हाताखाली एकत्र करण्याची तयारी चालू होती. आणि मागे १९९६ची जखम होतीच. त्या वर्षी २७ सप्टेंबरला रॉबर्टो अलोमार हा खेळाडू जॉन हर्शबेक या पंचाच्या तोंडावर थुंकला. शिक्षा झाली पाच सामन्यांची, तीही पुढच्या हंगामात भोगायची. पंचांनी बाद फेरीवर बहिष्काराचा ठराव केला तेव्हा न्यायालयाने त्यांनाच कामावर जायला लावलं. आपल्या अंगावर थुंकणारा खेळतोय आणि आपल्यालाच कोर्टाचा हुकूम, हा अपमान तीन वर्षांत विरला नव्हता. तो रास्तच होता.

करार ३१ डिसेंबर १९९९ पर्यंत होता आणि त्यात संपबंदीचं कलम होतं. संप केला तर पुन्हा मनाई हुकूम. म्हणून फिलिप्सनी १९७९चीच युक्ती एक पायरी पुढे नेली. १४ जुलैला फिलाडेल्फियात जाहीर केलं की ५७ पंच २ सप्टेंबरपासून राजीनामा देत आहेत. राजीनामा हा संप नव्हे, त्याला मनाई करता येत नाही. शिवाय करारात सेवा संपताना द्यायची रक्कम होती, ती सगळ्यांची मिळून दीड कोटी डॉलरच्या घरात जाते, एवढा भुर्दंड ऐन सप्टेंबरात लीग सोसणार नाही, असा अंदाज. आपल्याकडे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर जातात तेव्हा जे दडपण तयार होतं, तसंच काहीसं दडपण त्यांना अपेक्षित होतं. पण रजा आणि राजीनामा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अमेरिकी कायद्यात हा फरक फार नेमका आहे. कायदेशीर आर्थिक संपावर गेलेल्या कामगाराच्या जागी मालक कायमचा बदली माणूस घेऊ शकतो, १९३८च्या मॅके रेडिओ निकालापासून हे चालत आलं आहे. पण संपकरी 'कामगार' राहतो. त्याला संप केला म्हणून बडतर्फ करता येत नाही, आणि जागा रिकामी झाली की त्याला बोलावणं भाग असतं. राजीनामा दिलेल्याला हे काहीच नाही. तो स्वीकारला की नातं संपलं. मागे घेतला तर तो परत घ्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. म्हणजे ज्या कवचावर पंचांची सगळी ताकद उभी होती ते त्यांनी स्वतः उतरवून ठेवलं. ऑल्डर्सन म्हणाले, ही एकतर दुर्लक्ष करण्याजोगी धमकी आहे, नाहीतर स्वीकारण्याजोगा प्रस्ताव. आणि लीगने प्रस्ताव स्वीकारला.

१९७९ आणि १९९९ मध्ये फरक तीन ठिकाणी होता. पहिला, एकी. अमेरिकन लीगच्या बऱ्याच पंचांना फिलिप्सचं नेतृत्व नको होतं. काहींनी राजीनामा दिलाच नाही, काहींनी काही दिवसांत परत घेतला. दुसरा, तयार माणसं. १९७९ मध्ये लीग मिळेल त्याला उभं करत होती. १९९९ मध्ये ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, अनेक वर्षं घासलेले, मेजर लीगमध्ये रजेच्या जागी काम केलेले पंच रांगेत उभे होते. लीगने त्यांतले २५ जण जुलैतच नेमले. तिसरा, वेळ. राजीनामा जुलैत आणि अंमल सप्टेंबरात ठेवल्याने लीगला सात आठवडे मिळाले. धाक बसवायला दिलेली मुदत समोरच्याने तयारीला वापरली.

जुलैच्या अखेरीस युनियनने सगळेच राजीनामे मागे घेतल्याचं कळवलं, पण जागा भरल्या होत्या. २२ जणांचे राजीनामे स्वीकारले गेले, १३ नॅशनल लीगचे आणि ९ अमेरिकन लीगचे. नोव्हेंबरच्या अखेरीस मतदान झालं आणि ५७ विरुद्ध ३५ मतांनी पंचांनी जुनी युनियन बाजूला सारून वर्ल्ड अंपायर्स असोसिएशन निवडली. नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष तेच हर्शबेक. २००१ मध्ये लवाद अॅलन सिमोनेट यांनी २२ पैकी ९ जणांना परत घ्यायला सांगितलं. त्यावर न्यायालयात अपिलं चालली आणि काही जण पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने परतले. त्यांतले जो वेस्ट तर पुढे नव्या संघटनेचे अध्यक्षही झाले आणि २०२१ पर्यंत मैदानावर होते. एरिक ग्रेग कधीच परतले नाहीत. १९९७च्या बाद फेरीत लिव्हान हर्नांडेझ या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) १५ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तेवढे बॅटर तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले, त्या सामन्यातला त्यांचा रुंद झोन आजही लोक दाखवतात, आणि त्यावरून त्यांची नोकरी वाईट कामामुळे गेली असा समज होतो. पण त्या सामन्यानंतर पावणेदोन वर्षं ते नोकरीत होते. ती गेली राजीनाम्याने.

आता मोजमापाकडे. इथेच खरी गुंतागुंत आहे.

होम प्लेट १७ इंच रुंद. चेंडूचा व्यास तीन इंचांपेक्षा किंचित कमी. चेंडूचा कुठलाही भाग झोनला शिवला की स्ट्राइक (एरवी 'बॉल'; तीन स्ट्राइकवर बॅटर बाद, चार बॉलवर त्याला पहिला बेस), म्हणजे चेंडूच्या मध्यबिंदूच्या हिशेबाने झोन जवळजवळ २० इंच. खालची कड गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापाशी, वरची कड खांदे आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध. बॅटर चेंडू मारायला सज्ज असताना त्याची जी ढब असते त्यावरून ही उंची ठरते, म्हणजे ती प्रत्येक बॅटरगणिक बदलते. पिचरची पट्टी ६० फूट ६ इंचांवर. ताशी ९५ मैलांचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात येतो.

पंच कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) डोक्यामागे नव्हे, तर कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभा राहतो. हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या पातळीला. त्यामुळे बॅटरच्या बाजूची कड त्याला उत्तम दिसते आणि दूरचा खालचा कोपरा सर्वांत वाईट. चुकांच्या तक्त्यात तो कोपरा लाल दिसतो तो पंच झोपला म्हणून नव्हे, तो कोपरा डोळ्यापासून सर्वांत लांब आणि कॅचरच्या हाताआड असतो म्हणून. पंच दमला की गुडघे वाकतात, डोकं खाली जातं आणि तो कोपरा आणखी हरवतो. सामन्याच्या शेवटाकडे, सातव्या-आठव्या डावात, खालच्या चेंडूंचे निर्णय बिघडू लागले तर अनुभवी निरीक्षक आधी पंचाच्या डोक्याची उंची बघतो.

दुसरं कारण घाई. चेंडू ग्लोव्हमध्ये शिरण्याआधी निर्णय मनात तयार झाला की शेवटच्या काही फुटांत वळणारा चेंडू चुकतो. म्हणून पंचांच्या शाळेत शिकवतात की चेंडूचा माग ग्लोव्हपर्यंत डोळ्यांनी घे, क्षणभर थांब, मग बोल. तिसरं कारण कॅचर. चांगला कॅचर कडेचा चेंडू हात शांत ठेवून घेतो आणि तो स्ट्राइक वाटतो. उलट, कॅचर बाहेर बसलेला असताना चेंडू आतल्या कडेला आला आणि त्याला हात झपकन आडवा न्यावा लागला, तर खरा स्ट्राइकही 'बॉल' ठरतो. आणि चौथं, बॉल-स्ट्राइकच्या मोजणीचा प्रभाव. तीन बॉल शून्य स्ट्राइक असताना पंचांचा झोन फुगतो, शून्य बॉल दोन स्ट्राइक असताना आकसतो. हे सगळ्या पंचांत कमी-अधिक आढळतं आणि ते जाणीवपूर्वक होत नाही.

बेसवरचं काम वेगळं. पहिल्या बेसवर पंच डोळ्यांनी धावपटूचा पाय आणि बेस बघतो, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचं कानांनी ऐकतो. दोन्ही गोष्टी एका वेळी डोळ्यांनी बघता येत नाहीत. स्टेडियम गर्जत असेल, किंवा चेंडू ग्लोव्हच्या टोकाला दबक्या आवाजात बसला, तर कान फसतो. २ जून २०१०ला डेट्रॉइटमध्ये पिचर आर्मांडो गॅलारागाच्या परिपूर्ण सामन्याचा (एकही बॅटर बेसवर पोहोचू न देता जिंकायच्या सामन्याचा) शेवटचा, २७वा बाद पंच जिम जॉइस यांनी नाबाद दिला. चूक स्पष्ट होती. त्यांनी ती त्याच रात्री उघडपणे मान्य केली. अनेक वर्षं उत्तम समजल्या गेलेल्या पंचाची ही चूक होती. एका निर्णयावरून पंचाची प्रत ठरवणं किती चुकीचं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

मोजायला यंत्र आलं २००१ मध्ये, क्वेसटेक. काही मोजक्या मैदानांवर कॅमेरे लावले आणि सामन्यानंतर पंचाला त्याच्या निर्णयांची सीडी मिळू लागली. युनियनने तक्रार दाखल केली, आणि तिची हरकत केवळ 'आम्हाला मोजू नका' एवढी नव्हती. मुद्दा तांत्रिक होता. झोनची वरची-खालची कड एक माणूस पडद्यावर हाताने लावत असे. तो इंचभर चुकला की पंच इंचभर चुकलेला दिसणार. शिवाय सगळ्या मैदानांवर यंत्र नाही, म्हणजे एकाच गुणपत्रिकेसाठी काहींची परीक्षा होणार आणि काहींची नाही. खेळाडूही वैतागले. पंच यंत्राच्या धाकाने झोन बदलतात या रागात पिचर कर्ट शिलिंगने २००३ मध्ये अॅरिझोनात एक कॅमेरा फोडला आणि दंड भरला. हा वाद २००४च्या अखेरीस नव्या कराराबरोबर मिटला. २००९ पासून सगळ्या मैदानांवर नवी प्रणाली आली आणि २०२० पासून हॉक-आयचे कॅमेरे, तेच जे आपण क्रिकेटमध्ये पायचीतसाठी बघतो.

यातली कळीची गोष्ट म्हणजे सवलतीचा पट्टा. क्रिकेटच्या 'अंपायर्स कॉल'सारखी ही कल्पना. कडेपासून ठरावीक अंतरात निर्णय कुठलाही दिला तरी पंचाची चूक धरायची नाही. अनेक वर्षं हा पट्टा कडेच्या बाहेर दोन इंचांचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या करारानंतर तो कडेच्या दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच झाला. परिणाम २०२५च्या सुरुवातीलाच दिसला. प्लेटबाहेरचे जे चेंडू आधी स्ट्राइक मिळत, ते मिळेनासे झाले, आणि पिचर-कॅचर कुरकुरू लागले. नियमपुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. बदललं होतं ते नोकरीच्या गुणपत्रिकेतलं एक माप, आणि मैदानावरचा झोन त्याच्यामागोमाग सरकला.

म्हणून मोबाइलवर येणारा तक्ता जपून वाचा. एका सामन्यात पंचाने निर्णय द्यायचे, म्हणजे बॅटरने न मारलेले, सुमारे दीडशे चेंडू असतात. चांगला पंच ९३-९४ टक्के बरोबर असतो, म्हणजे ९-१० चुका राहतातच. त्यांतल्या किती कडेपासून इंचाच्या आत आहेत ते आधी बघा. किती दोन इंचांच्या पलीकडे गेल्या, हे खरं महत्त्वाचं. मग किमान २०-२५ सामन्यांची सरासरी घ्या, एका सामन्याची नको. आणि बाहेरच्या मंडळींचा तक्ता आणि लीगचा अंतर्गत अहवाल यांचे पट्टे वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवा.

आता मूळ प्रश्न : काढत का नाहीत? कारण करारानुसार बडतर्फीला योग्य कारण दाखवावं लागतं आणि प्रकरण वादात गेलं तर ते सिद्ध करावं लागतं. ९१ टक्के आणि ९४ टक्के यांतला फरक सामन्यामागे चार-पाच चेंडूंचा. एवढ्यावरून वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला घरी पाठवणं लवादापुढे टिकवणं कठीण. त्यामुळे लीगच्या हातात राहतात त्या सौम्य पण बोचणाऱ्या गोष्टी : बाद फेरीची नेमणूक न देणं, तुकडीप्रमुख न करणं, निरीक्षकाच्या अहवालात शेरे, हंगाम संपल्यावर जादा प्रशिक्षण. आपल्या सरकारी नोकरीतल्या गोपनीय अहवालाची ही भावकीच आहे. पगार चालू, बढती बंद.

यातून वाद होतोच. पंच एंजेल हर्नांडेझ यांनी २०१७ मध्ये लीगवर खटला भरला. २००५ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, मिळाली नाही, कायम तुकडीप्रमुख केलं नाही, आणि यामागे वंशाचा भेद आहे, असा दावा. लीगने कामगिरी आणि नेतृत्वातल्या उणिवा पुढे केल्या. खटला चालू असतानाच ऑक्टोबर २०१८ मध्ये बाद फेरीच्या एका सामन्यात पहिल्या बेसवरचे त्यांचे तीन निर्णय रिप्लेने उलटवले. २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल लीगच्या बाजूने दिला. मे २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. लोक म्हणत होते काढा, प्रत्यक्षात काढलं गेलं नाहीच. उलट पंच पॅट होबर्ग बघा. २०२२च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्यांचा एकही चेंडू चुकला नाही, असं बाहेरच्या मोजणीत दिसलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना बडतर्फ केलं, कारण बेटिंगचं खातं मित्राबरोबर सामायिक होतं आणि त्याच्याशी झालेले संदेश पुसले होते. त्यांनी बेसबॉलवर पैज लावल्याचा पुरावा सापडला नाही, तरीही. वर्तनाचा नियम सिद्ध करता येतो, तीन टक्क्यांची उणीव सिद्ध करणं अवघड. नोकरी जाण्याची खरी वाट ही आहे.

खरी चाळणी खाली लागते, मायनर लीगमध्ये. पंचांच्या शाळेतून निवडलेला पंच खालच्या पातळीला दोघांच्या तुकडीत सुरुवात करतो. वर चढायला सात ते दहा वर्षं, कधी जास्त. प्रत्येक हंगामात क्रम लावला जातो आणि वर जागा नसेल तर बाहेरचा रस्ता दाखवला जातो. मेजर लीगमध्ये जागा वर्षाला एक-दोन, कधी एकही नाही. पगार आणि भत्ते मेजर लीगच्या जवळपासही नाहीत. २००६ मध्ये या पंचांच्या संघटनेने हंगामाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत संप केला. बदली पंचांनी सामने चालवले. २६ एप्रिलला डेलमन यंग या खेळाडूने स्ट्राइकआउटनंतर एका बदली पंचावर बॅट भिरकावली आणि ५० सामन्यांचं निलंबन ओढवून घेतलं. मेजर लीगच्या पंचांना एवढं संरक्षण कसं, असं विचारणाऱ्यांनी खालच्या दहा वर्षांत काहीच संरक्षण नसतं हेही हिशेबात धरावं.

रिप्ले आणि स्वयंचलित झोन हेही करारातूनच आले. २०१४ मध्ये संघांच्या व्यवस्थापकांना पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क मिळाला, न्यूयॉर्कच्या कक्षात पंचच रिप्ले बघणार असं ठरलं, आणि त्यासाठी पंचांच्या जागा वाढल्या. यंत्राने नोकऱ्या घटण्याऐवजी वाढल्या. याला चांगली वाटाघाट म्हणतात. झोनच्या यंत्राची पहिली चाचणी २०१९ मध्ये स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये झाली, पुढे ट्रिपल-ए मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त स्पर्धा समितीने २०२६च्या हंगामासाठी आव्हानपद्धत मंजूर केली. समितीत सहा मालक, चार खेळाडू आणि एक पंच. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने लगेच डोक्याला हात लावून मागायची. बरोबर ठरलं तर आव्हान शिल्लक राहतं.

यात एक पेच आहे. पुस्तकातला झोन हा प्लेटवर उभा असलेला घनाकार आहे. चेंडू पुढच्या कडेला चाटून गेला किंवा मागच्या टोकाशी आत शिरला तरी स्ट्राइक. यंत्राचा झोन मात्र सपाट आहे, प्लेटच्या मध्यावर, पुढच्या कडेपासून साडेआठ इंचांवर उभा केलेला कागद जणू. वरची कड बॅटरच्या मोजलेल्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, मग तो कितीही वाकून उभा राहो. उंचावरून खाली कोसळणारा चेंडू पुढच्या कडेला झोनमध्ये असून मध्यापर्यंत बाहेर पडू शकतो. तो पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक, यंत्राप्रमाणे बॉल. पंचाने तो स्ट्राइक दिला, बॅटरने डोक्याला हात लावला, ४० हजार लोकांसमोर पडद्यावर निर्णय उलटला, तर ही चूक पंचाच्या खात्यात धरायची की नाही? युनियनला या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं लागेल, आणि ते ज्या मापाने लिहिलं जाईल त्याप्रमाणे पंच तो चेंडू द्यायला लागतील.